चांगल्या पत्त्यांची वाट का पाहत नाही?

‘पोकरची स्पर्धा शेवटाला आलेली, तुमच्याकडे जेमतेम आठ ब्लाइंड उरलेले, आणि तुम्ही सत्ती-छक्कीवर सगळं पुढे ढकललंत? एखादा एक्का-राजा येईपर्यंत थांबायचं ना!’ माझा खेळ मागे उभं राहून पाहणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी हे विचारतंच. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कीवही असते. मी बहुतेक वेळा हसून सोडून देतो, कारण दोन डावांच्या मधे हे सांगून होत नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगतो.

आधी थांबण्याचा हिशेब करू. नऊ जणांचं टेबल आहे. ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी दोघांना आळीपाळीनं भरावी लागणारी सक्तीची रक्कम, आणि पुंजीही मी बिग ब्लाइंडच्या पटीत मोजतो. स्मॉल ब्लाइंड अर्धा, बिग ब्लाइंड एक आणि बिग ब्लाइंडवाल्यानंच भरायचा अँटे, ही आणखी एक सक्तीची भर, एक, म्हणजे टेबलाची एक फेरी बसल्या बसल्या अडीच ब्लाइंड खाते. तुम्ही ज्यांची वाट पाहायला सांगता ते पत्ते कोणते? एक्का, राजा किंवा राणीची जोडी, नाहीतर एक्का-राजा. दोन पत्त्यांचे एकूण १३२६ संच होतात, त्यांतले हे फक्त ३४. म्हणजे सरासरी ३९ डावांत एकदा. ३९ डाव म्हणजे चारपेक्षा जास्त फेऱ्या, आणि तेवढ्या फेऱ्यांचं भाडं होतं जवळजवळ अकरा ब्लाइंड. माझ्याकडे आठच आहेत. त्यात मधेच लेव्हल, म्हणजे ब्लाइंडची रक्कम, वाढली की भाडंही वाढतं. एक्का-राजा येईल हो, पण तो बहुधा माझ्या जागेवर बसलेल्या पुढच्या माणसाला येईल.

आता ढकलण्याचा हिशेब. मी बटणावर, म्हणजे ब्लाइंडवाल्यांच्या अगदी आधीच्या जागेवर आहे, माझ्यापर्यंत सगळ्यांनी पत्ते टाकलेत, मागे फक्त दोन ब्लाइंडवाले. मधे अडीच ब्लाइंड पडलेत. मी आठ ब्लाइंड ऑल-इन करतो, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं पुढे ढकलतो. समजा, शंभरातून ६५ वेळा दोघंही पत्ते टाकतात. तेवढ्या वेळा मला न लढता अडीच मिळतात, आणि आठावर अडीच म्हणजे माझी पुंजी जवळजवळ एक तृतीयांशानं वाढते. उरलेल्या ३५ वेळा बिग ब्लाइंडवाला कॉल करतो, म्हणजे तेवढीच रक्कम लावून लढतो, आणि माझे पत्ते मागे असतात. धरून चाला की तिथे मी ३८ टक्केच वेळा जिंकतो. पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, साडेसतरा ब्लाइंड: आम्हा दोघांचे आठ-आठ, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा आणि अँटेचा एक. त्याचे ३८ टक्के म्हणजे ६.६५. घातले आठ, तोटा १.३५. दोन्हींची गोळाबेरीज केली तर दर वेळी सरासरी १.१५ ब्लाइंडच्या आसपास फायदा होतो. पत्ते टाकले असते तर शून्य. ज्या ढकलण्याला तुम्ही जुगार म्हणता त्यात कॉल आल्यावर मी तोट्यात असतो आणि तरीही एकूण फायद्यात राहतो, कारण खरी कमाई कॉल न येण्यातून होते.

त्यामुळे त्या घडीला मी स्वतःचे पत्ते पाहण्याआधी बिग ब्लाइंडवाला पाहतो. त्याच्याकडे किती चिप्स आहेत? पन्नास ब्लाइंड घेऊन बसलेल्याला माझे आठ म्हणजे किरकोळ, तो कशावरही कॉल करेल. चौदावाला मात्र हरला तर सहावर येतो. तो पत्त्यांचे कोपरे उचलून बघतो, खाली ठेवतो, चिप्सचा गठ्ठा दोन बोटांनी वर-खाली करतो, मग पुन्हा कोपरे उचलतो, जणू मधल्या काळात पत्ते बदलले असतील. असा माणूस मला हवा असतो.

आणि सत्ती-छक्कीच का? एक्का-सत्ती असती तर मी नाही म्हणालो नसतो, ती ढकलायला उत्तमच. हातात एक एक्का असला की समोरच्याकडे एक्का असण्याची शक्यताही घटते. पण लोक समजतात तेवढा या दोन हातांत फरक नाही. कॉल करणारा बरेचदा मोठा एक्का घेऊनच येतो. एक्का-राजापुढे एक्का-सत्ती साधारण चारातून एकदा वाचते. त्याच एक्का-राजापुढे किलवरची सत्ती-छक्की ४० टक्क्यांच्या आसपास जिंकते, कारण तिचे दोन्ही पत्ते मोकळे असतात, समोरच्याच्या हातात अडकलेले नसतात. मात्र हे सगळं बटणावरचं गणित आहे. पहिल्या जागेवरून, मागे आठ जण असताना, मी सत्ती-छक्की मुकाट्यानं टाकतो. प्रत्येकाकडे दहात एकदा कॉल करण्याजोगे पत्ते असतील असं धरलं, तर आठही जण पत्ते टाकण्याची शक्यता ४३ टक्के. मागे दोघंच असले तर तीच ८१ टक्के. कुठल्या जागेवरून किती ब्लाइंडला काय ढकलावं याचे तक्ते मिळतात, पाठ करणारे करतात. मलाही थोडे येतात. पण तक्ता समोरच्यानं बिनचूक खेळावं असं गृहीत धरतो, आणि रात्रीच्या त्या वेळी बिनचूक खेळणारं टेबल मला अजून भेटलेलं नाही.

खरी घाई का करायची, ते तीन ब्लाइंडवर आल्यावर कळतं. मी आठ ढकलले तेव्हा बिग ब्लाइंडला साडेसतराच्या पॉटसाठी आणखी सात घालायचे होते, म्हणजे कॉल परवडायला त्याला ४० टक्के संधी हवी. मी तीन ढकलले तर त्याला साडेसातच्या पॉटसाठी फक्त दोन घालायचेत. २७ टक्के पुरतात. वेगवेगळ्या चिन्हांची सत्ती-दुर्री, जिला सगळे भिकार म्हणतात, तीसुद्धा कुठल्याही अनोळखी पत्त्यांविरुद्ध ३५ टक्क्यांच्या आसपास जिंकते. मग तो कशाला टाकेल? माझ्या धमकीची वाफ गेलेली असते आणि आता मला प्रत्येक वेळी पत्ते उघडूनच जिंकावं लागतं. यावर कोणीतरी जॅक स्ट्रॉसचं नाव काढतंच: १९८२ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा त्यानं जिंकली, आणि वाटेत एकदा त्याच्याजवळ एकच चिप उरली होती असं सांगतात. छान गोष्ट आहे. इतकी वर्षं सांगितली जाते, यावरूनच ती किती वेळा घडते ते समजा.

ढकलणं आणि कॉल करणं यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि इथे मी तुमच्यापेक्षाही भित्रा आहे. दुसऱ्यानं ऑल-इन केलं की समोरचा पत्ते टाकेल ही माझी कमाई संपली. उरले फक्त पत्ते. बक्षिसं जवळ आली की तेही पुरत नाहीत. उदाहरण घ्या. चौघं उरलेत, बक्षिसं तिघांना: ५०, ३० आणि २० टक्के. चौघांकडे सारख्याच चिप्स, म्हणजे प्रत्येकाचा वाटा आत्ता २५ टक्के. मी सगळं लावून एकाला बाहेर काढलं तर माझ्या चिप्स दुप्पट होतात. वाटा दुप्पट होतो का? नाही. आयसीएमनं, म्हणजे चिप्सचं पैशांत मोल काढायच्या रीतीनं, तो ३८.३३ टक्के येतो. बाकीची मलई, बोटही न हलवता बक्षिसात गेलेल्या त्या दोघांना मिळते. २५ पणाला लावून ३८ मिळवायचे तर, ब्लाइंड बाजूला ठेवले तरी, ६५ टक्के वेळा जिंकायला हवं. वेगवेगळ्या चिन्हांचा एक्का-राजा अगदी कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध तेवढाच, ६५ टक्क्यांच्या आसपास जिंकतो. म्हणजे समोरचा डोळे मिटून ढकलत असला तरी एक्का-राजानं कॉल करणं जेमतेम बरोबरीत. तुम्ही ज्याची वाट पाहायला सांगत होता तोच हा एक्का-राजा, आणि अशा वेळी कॉल करायचा झाला तर मी तो बरेचदा टाकतो. तेव्हाही मागे उभ्या असलेल्यांना आश्चर्य वाटतं.

अर्थात ६५ टक्क्यांची हीच अट समोरच्यालाही लागू असते, म्हणून त्या टप्प्यावर पहिल्यांदा ढकलणारा फायद्यात. अपवाद एकच ठळक: टेबलावर माझ्याहूनही कंगाल कोणी असेल आणि पुढच्या डावात त्याचा शेवटचा ब्लाइंड जाणार असेल, तर मी गप्प बसतो. सॅटेलाइटमध्ये, म्हणजे मोठ्या स्पर्धेचं तिकीट हेच बक्षीस असलेल्या स्पर्धेत, तर याचं टोक दिसतं. तिथे दहा जागा असतील तर पहिल्याला आणि दहाव्याला अगदी सारखंच तिकीट मिळतं. अकरा जण उरलेले, माझ्याकडे भरपूर चिप्स, कोपऱ्यात कोणाकडे अर्धा ब्लाइंड, आणि माझ्याइतक्याच चिप्स असलेल्यानं ऑल-इन केलंय. अशा वेळी हातात एक्क्यांची जोडी असली तरी मी ती न दाखवता टाकून देतो.