व्हालीचं माहेर

जानेवारीत आम्ही दोघं सोमनाथला गेलो. दर्शन आटोपलं तरी ह्यांना वेरावळचं बंदर बघायचंच होतं. मी वासाने नाकाला पदर लावून मागे मागे. तिथे एक खारवा (तिकडचे कोळी) काका जाळं दुरुस्त करत बसले होते. निळ्या नायलॉनच्या जाळ्यात मधोमध हिरव्या दोऱ्याचं ठिगळ, चांगलं सतरंजीएवढं. विचारलं तर म्हणाले, "व्हाली आवी'ती, बेन. जाळ कापवी पडी."

व्हाली म्हणजे लाडकी. व्हेल शार्कला तिकडे आता असं म्हणतात. चाळीस फुटांहूनही मोठा होणारा हा मासा, जगातला सगळ्यांत मोठा, आणि खातो काय तर पाण्यातले बारीक जीव! काकांच्या तरुणपणी त्याचं नाव होतं 'बॅरल'. गळ टोचायचा, दोरीला पिंपं बांधायची, ती ओढून मासा दमला की किनाऱ्याला आणायचा. यकृताचं तेल लाकडी होड्यांना चोपडायला लागायचं.

२००१ मध्ये शिकारीवर कायद्याने बंदी आली. पण भर समुद्रात बघतंय कोण? २००४ मध्ये त्याला वाचवायची मोहीम सुरू झाली आणि रामकथा सांगणाऱ्या मोरारी बापूंनी सांगितलं, ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. मला कथा-सप्ताहांची फारशी आवड नाही, पण हे मात्र आत जाऊन बसलं. 'संकटग्रस्त प्रजाती' म्हटलं असतं तर मीही मान डोलावून पुढे गेले असते. माहेर म्हटल्यावर काय बोलणार? आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी गौरी दरवर्षी माहेरपणालाच येतात.

आणि बाळंतपण म्हणणं काही उगाच नाही. अंडी तिच्या पोटातच फुटतात, बाहेर येतात ती जिवंत पिल्लं. १९९५ साली तैवानजवळ मारलेल्या एका मादीच्या पोटात तीनशे पिल्लं निघाली. तीनशे! आमच्याकडे लेकीच्या एकाचंच नाव ठरत नाहीये.

कापलेल्या जाळ्याची भरपाई वनखातं देतं, त्यासाठी फोटो काढावे लागतात. पैसे मिळतात, पण त्या दिवसाची मासळी गेली ती गेलीच, काका म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही, जावयाच्या सरबराईचा खर्च सांगावा तसं.

मला मात्र आमचं मखर आठवलं. थर्माकोलचं, कमळाच्या पाकळ्यांचं. कितीतरी वर्षं गौरींच्या पाठवणीनंतर ते आम्ही विश्वामित्री नदीत सोडून यायचो, वर नमस्कार करून. विश्वामित्री ढाढरला मिळते, ढाढर खंभातच्या आखाताला. म्हणजे लेकीला ताटात लाडू वाढायचे आणि तिच्याच पाण्यात थर्माकोल. ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, "तुझ्याच हौसेचं होतं ते." खरं आहे.

काकांनी विचारलं, "दीकरी छे?" म्हटलं, लेक आहे, सातवा महिना चालू आहे, पुढच्या आठवड्यात येतेय आमच्याकडे. त्यांनी मान हलवली, "पियर ज आवे ने." माहेरीच येणार ना.

पिशवीत सोमनाथचा नारळ होता. म्हटलं, तुमच्या होडीला ठेवा. त्यांनी तो तिथेच दगडावर फोडला, पाणी समुद्रात सोडलं, आणि अर्धी वाटी परत माझ्या हातात दिली. लेकीसाठी.