अंदमानला जाताय? शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरलाच काढा

सकाळी सहाला बॅगा ओढत हॅवलॉक बेटाच्या जेटीवर पोचलो, तर फाटक बंद. "आज जहाज नाही, समुद्र खवळलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्ट ब्लेअरहून आमचं विमान होतं. ते गेलं, पैसेही गेले.

चूक आमचीच. नोव्हेंबर-डिसेंबरात अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचे पट्टे तयार होतातच. डिसेंबर २०१६ मध्ये पुढे 'वरदा' चक्रीवादळ झालेल्या अशाच एका पट्ट्यामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजारावर पर्यटक अडकले. नौदलाला जहाजं पाठवावी लागली. म्हणून ही दोन बेटं आधी उरका. जमलं तर जानेवारी ते मार्चमध्ये जा. औषधं आणि रोकड दोन दिवसांची जास्तीची ठेवा.

पोर्ट ब्लेअरचं (२०२४ पासून श्रीविजयपुरम, रिक्षावाले मात्र जुनंच नाव घेतात) सेल्युलर जेल आपण मराठी माणसं चुकवत नाही. सावरकरांच्या कोठडीपुढे रांगही आपलीच असते. पण तिथून सिप्पीघाटला जा, असं कुणी सांगत नाही. मी सांगतो.

रस्त्याकडेला लांबच लांब खारं पाणी, मधे वाळलेल्या झाडांचे खुंट. "इथं भात पिकायचा," आमचा चालक म्हणाला. २६ डिसेंबर २००४, सकाळी ६.२८. सुमारे ९.१ तीव्रतेच्या भूकंपात इथली जमीन जवळजवळ मीटरभर खचली. त्सुनामीची लाट ओसरली, पण शेतात शिरलेला समुद्र परत गेलाच नाही. त्याच भूकंपात उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडे पडले. तिकडे भारताच्या दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून जास्त खाली गेली, दीपगृहाच्या पायाला पाणी लागलं. या बेटांखाली भारतीय भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा) ईशान्येकडे सरकत खाली घुसतोय, त्यामुळे हे थांबणारं नाही. १९४१च्या भूकंपानं तर जेलचीही पडझड केली होती.

हैदराबादच्या केंद्रातून २००७ पासून त्सुनामीचे इशारे दिले जातात. पण भूकंप जवळच झाला तर लाट यायला तासभरही लागत नाही. उभं राहणं कठीण होईल इतका जोराचा किंवा बराच वेळ टिकणारा धक्का बसला, की भोंग्याची वाट पाहू नका, बॅगा आवरू नका. सरळ चढावर पळा. पाणी एकदम मागं हटलं तरीही तेच. शिंपले वेचायला खाली उतरू नका. पहिली लाट ओसरली म्हणून लगेच परतूही नका.

बाराटांग बेटावरचा चिखलाचा ज्वालामुखी म्हणजे बुडबुडणारा राखाडी चिखल. आमची मुलं हिरमुसली. खरा जागता ज्वालामुखी बॅरन बेटावर आहे, पण तिथं उतरू देत नाहीत.

किनाऱ्यावरच्या हॉटेलात पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवा, उंचावर जायचा रस्ता कुठला. अंधार पाचलाच पडतो, तेव्हा उजेड असतानाच तो चालून बघा. आमच्या हॉटेलातला पोऱ्या आधी हसला, मग स्वयंपाकघरामागची पायवाट दाखवायला स्वतः आला. वाटेत पाण्याची टाकी आडवी होती; तिला डावीकडून वळसा घालायचा.