लूकचा दुसरा अध्याय आणि कोमट पाणी

लघवीची पिशवी नाताळच्या दिवशीही भरते, आणि पाठीला जखमा होऊ द्यायच्या नसतील तर कूसही दर दोन तासांनी बदलावीच लागते. म्हणून घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करणाऱ्या आम्हा नर्सेसपैकी कुणाला तरी २५ डिसेंबरला निघावंच लागतं. त्या वर्षी मी निघाले. मिरजेतल्या आमच्या लोकांना याचं नवल नाही. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कितीतरी ख्रिस्ती घरांत कुणी ना कुणी नर्स, कंपाउंडर नाहीतर वॉर्डबॉय आहेच. सणाच्या दिवशी ड्युटी हा आमच्याकडचा जुना विषय.

घर होतं रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांचं. लकव्याने उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. समजायचं मात्र सगळं. ज्याला समजतं त्याला लाजही वाटते. डायपर बदलायची वेळ आली की काका डोळे घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवायचे आणि धड असलेला डावा पाय असा ताठ करायचे की मला एकटीला ते आवरायचं नाही. काकूंनी हात लावलेला तर त्यांना मुळीच खपत नसे.

दारात चांदणी लटकत होती, ओट्यावर करंज्यांचा डबा होता. बाकी सकाळ रोजच्यासारखीच. मुलगा परगावी, त्यामुळे चर्चलाही कुणी गेलं नव्हतं. काकूंनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही तुमचं करा. मी इथेच बसून वाचते. आज आमची उपासना हीच." चष्मा लावून त्यांनी बायबलमधला लूकचा दुसरा अध्याय काढला, येशूच्या जन्माचा.

मी दोन भांड्यांत कोमट पाणी घेतलं, मनगटावर घालून पाहिलं. आधी चेहरा, साबणाशिवाय. डोळे नाकाकडून कानाकडे पुसायचे, प्रत्येक डोळ्याला फडक्याचं वेगळं टोक. मग मान, काखा, हात. लकव्याच्या हाताची मूठ आवळलेली असते, आत घाम साचून वास येतो. मनगट थोडं आत वाकवलं की बोटं सैल होतात, मग एकेक उघडून बेचक्या पुसायच्या आणि कोरड्या करायच्या. काकू वाचत होत्या. कैसर औगुस्ताची आज्ञा, नावनिशी, बेथलेहेम. काकांना कुशीवर वळवून मी माकडहाडापाशी लाली आलीय का ते बघत होते, तेवढ्यात त्या मरीयेपाशी आल्या. तिने बाळाला बाळंत्याने गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं. माझ्या हातात कोरडा डायपर होता.

काकू थांबल्या. बायबल मांडीवर ठेवून म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? त्यालासुद्धा कुणीतरी पुसलंच की. देव असून. मग तुम्हांला कसली लाज?"

मी काकांना पाठीवर घेतलं. त्यांनी डावा गुडघा वाकवला, टाच गादीत रोवली आणि कंबर उचलली. स्वतःहून. डायपर खाली सरकवण्यापुरतीच, पण उचलली. एका बाजूची पट्टी मी लावली, दुसरी काकूंनी, आणि काकांनी तोंड फिरवलं नाही.

नर्सिंगला आले तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर शिष्यांचे पाय धुणारा येशू असायचा. कुष्ठरोग्याला हात लावणारा, आंधळ्यांना दृष्टी देणारा. त्याच्या पाठोपाठ चालायचं म्हणून मी हे काम धरलं, आणि म्हणून प्रत्येक घरात मी देणाऱ्याच्या बाजूला उभी असायची. त्या पलंगापाशी मला पहिल्यांदा कळलं की येशूने दुसऱ्यांचे पाय धुतले त्याच्या कितीतरी वर्षं आधी त्याचं अंग दुसऱ्यांनी धुतलं होतं. तो आला तो पेशंटच्या बाजूने. मान सावरता येत नाही, भूक सांगता येत नाही, ओलं झालं तर रडण्यावाचून इलाज नाही, असा. आणि शेवटीही वधस्तंभावरून त्याचं शरीर अरिमथाईकर योसेफाने उतरवलं, तागाच्या कापडात गुंडाळलं. माणसाच्या हातांत स्वतःला असं सोपवणाऱ्या देवावर माझा विश्वास आहे. परस्वाधीन झालेल्या माणसाची किंमत कमी झाली असं मग मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

अकराच्या सुमारास चर्चचे पाळक प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेऊन आले. काकांना सुकी भाकर गिळवत नाही, ठसका लागतो. मी पाठीशी उशा लावून त्यांना ताठ बसवलं, हनुवटी छातीकडे घेतली. पाळकांनी नखाएवढा तुकडा द्राक्षरसात भिजवून चांगला मऊ केला आणि मला विचारून डाव्या गालाकडे ठेवला. काकांना गिळायला वेळ लागला. पाळक तोवर हात धरून उभे राहिले. पुढे तीन घरं बाकी होती तरी.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचं सगळं काकूच करू लागल्या. पाठ न भरता कूस कशी वळवायची आणि खालची चादर धरून काकांना वर कसं सरकवायचं, एवढं मी त्यांना दाखवून दिलं.