महालक्ष्मी रेसकोर्सवर दोन दिवस: कुठे उभं राहावं, कधी निघावं

लोलापलूझा इंडिया या संगीत महोत्सवात रेसकोर्सच्या पार मागच्या टोकाला उभं राहिलं की पडद्यावर ड्रमरची काठी आधी पडलेली दिसते आणि ठोका मागून येतो. पडदा बिघडलेला नसतो. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर उभ्या माणसापर्यंत पोहोचायला त्याला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. पायाने ताल धरणाऱ्याला एवढा फरक लगेच टोचतो. मैदानातल्या कार्यक्रमाला जाताना बहुतेकजण तिकीट, कपडे आणि खाणं यांचा विचार करतात. कुठे उभं राहायचं ते गर्दी नेईल तसं ठरतं. लोलापलूझा इंडियाच्या ८ आणि ९ मार्च २०२५च्या दोन दिवसांतून सांगण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, म्हणून हा वृत्तांत बँडपेक्षा जागेबद्दल आणि वेळेबद्दल जास्त आहे.

हा महोत्सव मूळचा अमेरिकेतला. अमेरिकन गायक पेरी फॅरेलने १९९१ मध्ये तो फिरता दौरा म्हणून सुरू केला आणि २००५पासून तो शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये स्थिरावला. मुंबईत तो पहिल्यांदा २८-२९ जानेवारी २०२३ला झाला, इमॅजिन ड्रॅगन्स आणि द स्ट्रोक्स या बँडना घेऊन. २०२५ला शनिवारी गायक शॉन मेंडिस आणि रविवारी रॉक बँड ग्रीन डे अशी मोठी नावं होती. ग्रीन डेचा हा भारतातला पहिलाच कार्यक्रम. त्यांचा १९९४चा 'डूकी' हा अल्बम कॅसेटवर ऐकलेले आणि २००४चा 'अमेरिकन इडियट' कॉलेजात ऐकलेले, अशा दोन पिढ्यांना हा बँड समोर दिसायला इतकी वर्षं लागली.

महोत्सवाचं तिकीट काढण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोठा बँड स्वतःच्या दौऱ्यावर असताना बऱ्याचदा दोन तासांच्या आसपास वाजवतो. महोत्सवात शेवटच्या मोठ्या नावाला साधारण दीड तास मिळतो आणि दुपारच्या बँडला पाऊण तास. त्यामुळे एखादाच बँड जीव की प्राण असेल तर त्याच्या स्वतंत्र कार्यक्रमाची वाट पाहिलेली बरी. चार-पाच बँड मनापासून ऐकायचे असतील तर मात्र महोत्सवासारखी गोष्ट नाही.

चार रंगमंच, दोन दिवस, दुपार ते रात्र. वेळापत्रक हाती आलं की मोह होतो की प्रत्येकाची दोन-दोन गाणी ऐकत फिरावं. हे करू नका. एका रंगमंचाकडून दुसऱ्याकडे जाण्यात गर्दीतून दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि पोहोचल्यावर जागा मिळते ती मागची, जिथे आवाज विस्कटलेला असतो. दिवसाला तीन, फार तर चार बँड पूर्ण ऐकायचे असं ठरवा. बँडने गाण्यांचा क्रम विचार करून लावलेला असतो. मधलं एक संथ गाणं चुकलं की पुढच्या मोठ्या गाण्याचा दणका अर्धा होतो. खाणं आणि स्वच्छतागृह हे ज्या बँडबद्दल फारसं काही वाटत नाही, त्याच्या वेळेत उरकावं. मोठा कार्यक्रम संपल्यासंपल्या रांगा तिप्पट होतात.

आता उभं राहण्याची जागा. रंगमंचासमोर मैदानाच्या मध्यरेषेवर एक मांडव असतो, त्यात साउंड इंजिनिअर कन्सोलवर, म्हणजे आवाज जुळवायच्या यंत्रावर, बसलेला असतो. तो त्याच जागेवर ऐकून सगळं जुळवत असतो, म्हणजे गायकाचा आवाज, गिटार आणि ड्रम यांचं प्रमाण तिथेच सगळ्यात बरोबर असतं. मांडवाच्या पुढे पाच-दहा मीटर किंवा त्याच्या कडेला लागून उभं राहावं. मांडवाच्या अगदी मागे नको, रंगमंच दिसत नाही. उंची कमी असेल तर मांडवाभोवतीच्या कठड्याच्या पुढच्या बाजूला पाठ टेकून उभं राहावं: मागून ढकलाढकली होत नाही आणि दोन-तीन तास पाठीला आधार मिळतो.

पहिल्या रांगेत, बॅरिकेडला चिकटून, गायक दहा हातांवर दिसतो. पण मोठे स्पीकर उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या लोकांकडे असतो. समोरच्यांसाठी रंगमंचाच्या कडेला छोटे स्पीकर ठेवतात. ते पुरेसे नसले तर ड्रम आणि गिटारचे अँप्लिफायर थेट कानावर येतात आणि गायकाचे शब्द दबतात. चेहरा बघायचा की ऐकायचं, याचं उत्तर आधी द्यावं. एका दिवशी एक बँड बॅरिकेडवरून, बाकीचे कन्सोलपाशी, ही वाटणी आम्हाला सगळ्यात पटते.

बासचं गणित वेगळं आहे. सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचे मोठे स्पीकर, रंगमंचाच्या डाव्या-उजव्या बाजूला ठेवले असतील तर मध्यरेषेवर दोन्हीकडचा आवाज एकाच क्षणी पोहोचतो आणि छातीत धडधडतो. थोडं बाजूला सरकलं की एक बाजू जवळ, दुसरी लांब. ५० हर्ट्झच्या सुराची लहर सुमारे सात मीटरची. दोन बाजूंच्या अंतरात साडेतीन मीटरचा फरक पडला की तो सूर जवळजवळ कापला जातो. म्हणून एखाद्या ठिकाणी बास नाहीसा झाल्यासारखा वाटला तर सिस्टीमला दोष देण्याआधी चार-पाच पावलं सरकून बघा. सबवूफर रंगमंचाच्या पुढे सलग ओळीत मांडले असतील तर हा त्रास बराच कमी असतो. पोहोचल्यावर मांडणी कोणती आहे हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं.

रेसकोर्स सपाट आणि उघडा. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमसारखी वाटी नाही, जिथे २०१९ला यू-टू आणि जानेवारी २०२५ला कोल्डप्ले झाले. वाटीत आवाज समोरच्या गॅलरीवर आपटून परत येतो. इथे तो निघून जातो. त्यामुळे इथे घुमारा कमी, पण वाऱ्याचा त्रास जास्त. समुद्र हाजीअलीला, हाकेच्या अंतरावर. दुपारी पश्चिमेचा खारा वारा सुटला की लांब उभ्या माणसाला झांजा आणि गायकाच्या आवाजातली धार येते-जाते, जणू कोणी बटण फिरवतंय. शिवाय तापलेल्या जमिनीवरून आवाज वरच्या दिशेला वळतो. सूर्य कलल्यावर, जमीन निवली की तोच आवाज खाली राहतो आणि लांबवर स्पष्ट पोहोचतो. म्हणून दुपारच्या बँडसाठी जवळ जा, रात्रीच्यासाठी थोडं मागे राहिलं तरी चालतं. फार मागे जावंच लागलं तर मैदानात मध्येच उभारलेले स्पीकरचे मनोरे शोधा आणि त्यांच्या पलीकडे, स्पीकरची तोंडं असतात त्या बाजूला थांबा. ते मनोरे आवाज मुद्दाम तेवढ्याच उशिराने सोडतात, जेवढा रंगमंचाचा आवाज तिथे पोहोचायला लागतो, म्हणजे दोन्ही एकत्र ऐकू येतात. मनोरा आणि रंगमंच यांच्या मध्ये, मनोऱ्याच्या पाठीशी उभं राहिलं तर हा मेळ बिघडतो आणि सगळं दुहेरी ऐकू येतं.

कानांबद्दल तडजोड नको. ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सुरक्षित मानतात; पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला मिळतात फक्त पंधरा मिनिटं, आणि मोठ्या रंगमंचासमोर तेवढा आवाज सहज असतो. कानात घालायचे फोमचे बोळे स्वस्त आहेत, पण नीट घातले तरच काम करतात: बोळा दोन बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून वीस-तीस सेकंद बोटाने धरायचा. आतमध्ये तो फुगला की बसला. अर्धवट बाहेर लोंबणारा बोळा निरुपयोगी. फोममुळे वरचे सूर जास्त दबतात आणि संगीत गोधडीखालून ऐकल्यासारखं वाटतं. वरचेवर कार्यक्रमांना जाणाऱ्यांनी संगीतासाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्यावेत, ते सगळे सूर साधारण सारखे कमी करतात. लहान मुलांना बोळे नकोत, डोक्यावरून घालायचे इअरमफ हवेत. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली तर कानाच्या डॉक्टरकडे जायला उशीर करू नये.

मार्चमधलं मुंबईचं ऊन आणि दमटपणा हा बेशुद्ध पडण्याचा सरळ रस्ता आहे. कोणी रात्री कोसळलं तरी कारण बऱ्याचदा दुपारचं असतं: चार तास उभं, पाणी कमी, पोट रिकामं. तासाला अर्धा लिटर तरी पाणी जाऊ द्या, दिवसातून एकदा ओआरएस घ्या. उभं असताना गुडघे ताठ आवळून ठेवू नका, पोटऱ्या हलवत राहा, म्हणजे रक्त पायात साचत नाही. चपला-सँडल नकोत, पायावर पाय पडतातच. बंद, जुने, सवयीचे बूट घाला. टोपी, पातळ सुती शर्ट, धुळीसाठी रुमाल. बॅग किती मोठी चालते, पॉवर बँक आणि रिकामी बाटली आत नेता येते का, हे त्या वर्षीच्या नियमांत आदल्या दिवशी वाचा. दरवाजावर वाद घालण्यात पहिला बँड जातो.

आत सगळा व्यवहार मनगटावरच्या पट्ट्यावर चालतो, त्यात आधी पैसे भरायचे असतात. पट्टा घट्ट केला की सैल होत नाही, म्हणून एक बोट आत राहील एवढी जागा ठेवा. पैसे घरूनच भरा: संध्याकाळी हजारो फोन एकाच टॉवरवर लटकलेले असतात आणि यूपीआय फिरत बसतं. थोडे-थोडे भरा, उरलेले परत मिळण्याची मुदत आणि त्यात होणारी कपात आधी पाहून ठेवा. नेटवर्क नसेल हे धरूनच सोबत्यांशी भेटण्याची जागा आणि वेळ ठरवा. 'रंगमंचाजवळ' ही जागा नव्हे. ठळक दिसणारा एखादा खांब किंवा नंबर लिहिलेला दरवाजा ही जागा.

ग्रीन डेसारख्या बँडसमोर पुढे उडी, धक्के, गोल फिरणारी गर्दी असणारच. कोणी पडलं तर आधी थांबून त्याला उचलायचं, हा तिथला पहिला नियम. गर्दीचा लोंढा आला तर दोन्ही हात छातीसमोर मुष्टियोद्ध्यासारखे धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. लोंढ्याविरुद्ध ढकलू नका. तो थांबेल त्या क्षणी तिरकं, कडेच्या दिशेने सरका. खाली पडलेला फोन उचलायला वाकू नका.

रात्री दहाला आवाज बंद होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक चालत नाहीत. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यावर विसंबू नका. म्हणून इथे मोठा बँड आठच्या सुमारालाच सुरू होतो. 'साडेनऊला येतील' अशा हिशेबाने येणाऱ्याच्या हाती शेवटची चार गाणी लागतात.

येण्याचा मार्ग सोपा आहे. महालक्ष्मीला फक्त धिमी लोकल थांबते. ठाणे-कल्याणकडून येणाऱ्यांनी दादरला उतरून पश्चिम रेल्वेची चर्चगेट धिमी धरावी, तिसरं स्टेशन. पनवेलकडून येताना कुर्ला, मग दादर. रविवारी मेगाब्लॉक असतो. शनिवारी रात्रीच वेळा पाहून ठेवा. ऑक्टोबर २०२५पासून आरे ते कफ परेड अशी भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आहे, तिचंही महालक्ष्मी स्टेशन आहे आणि ती विमानतळावरून येते. परतीची शेवटची गाडी तेवढी बघून घ्या. पुणेकरांनी रात्रीच परतायचं असेल तर दादरच्या शिवनेरीचं आरक्षण आधी करावं.

परत जाताना टॅक्सी शोधू नका. ९ मार्चला रात्री भारताने दुबईत न्यूझीलंडला हरवून क्रिकेटची चॅम्पियन्स ट्रॉफीही जिंकली. अशा रात्री दक्षिण मुंबईत चारचाकी म्हणजे एका जागी बसून राहणं. परतीचं तिकीट सकाळीच काढा, आणि ते मुंबई सेंट्रलपर्यंतचं काढा. कारण रात्री सव्वादहाला महालक्ष्मीच्या बोरिवली-विरारकडच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. समोरचा चर्चगेटकडचा फलाट मात्र रिकामा असतो. तिथून उलटं एक स्टेशन मुंबई सेंट्रलला जायचं आणि तिथे विरार फास्ट धरायची. बसायला मिळेलच असं नाही, पण दारात लटकावं लागत नाही.