आमची वाटचाल : मालवणची होडी घाटावर नेताना

आमचं वर्कशॉप मालवण-कसाल रस्त्याला. सुरुवात ग्रिल, गेट आणि पत्र्याच्या शेडपासून झाली. पण वडील रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायच्या मासेमारीला जाणारे, त्यामुळे होडी घरचीच. तारकर्ली-देवबागला पर्यटन वाढलं तशा फायबरच्या होड्या वाढल्या आणि मग घाटावरूनही विचारणा येऊ लागली : होडी इंजिनासकट पोचवून द्याल का?

पहिली होडी कोयनेच्या जलाशयाकाठच्या तापोळ्याला निघाली. ट्रेलर उसना आणलेला. होडीच्या मागे बाहेरून लटकणारं इंजिन तिरकं वर उचललं, त्याच्याच खटक्यावर अडकवलं आणि निघालो. फोंडा घाट चढून दाजीपूरला चहाला थांबलो तेव्हा सहज मागे गेलो. इंजिन बसतं त्या मागच्या फळीच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर. हाताने इंजिन हलवलं की ती उघडायची, सोडलं की मिटायची. होडी परत आणली, फळी आमच्या खर्चाने नवी घातली. बाबा एवढंच म्हणाले, "पाण्यात व्हडयेक सगळीकडसून आधार असता. रस्त्यार तो तुका देवक व्हयो."

त्या वाक्यावर आमचा पहिला ट्रेलर उभा राहिला. ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन ७० किलोच्या पुढे भरतं. वर उचललेलं असताना ते फळीच्या मागे लोंबतं आणि प्रत्येक खड्ड्यात फळी पिरगळतं. तो खटका होडी उभी असताना इंजिन वर धरण्यापुरता, प्रवासासाठी नाही. रस्त्यापासून पुरेशी उंची असेल तर आम्ही इंजिन सरळ खाली सोडतो. नसेल तर ट्रेलरच्या मागच्या आडव्या पाइपावरून इंजिनाच्या पायाला रबर लावलेला टेकू देतो, म्हणजे भार ट्रेलरवर उतरतो.

वजन मागे गेलं की ट्रेलर शेपटीसारखा डोलतो आणि वेग वाढला की आवरत नाही. होडी, इंजिन, ट्रेलर मिळून ८०० किलो असतील तर गाडीच्या हुकावर ६० ते ८० किलो यायलाच हवेत. हे आम्ही वजनकाट्यावर बघतो आणि तसा विंचचा, म्हणजे होडी ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरखीचा खांब पुढेमागे सरकवतो. विंचच्या पट्ट्यावर भरवसा ठेवून होडी नेणं मला अजिबात मान्य नाही. होडीच्या मागच्या दोन्ही कड्यांना रॅचेट बेल्ट आणि हुकाखाली फुलीसारख्या दोन साखळ्या असल्याशिवाय आमच्याकडून ट्रेलर बाहेर पडत नाही. आरटीओची नोंदणी आणि मागचे दिवे तर हवेतच.

सगळ्यात जास्त त्रास दिला ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगनी. लांबून आलेला ट्रेलर तसाच पाण्यात घातला की तापलेला हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग बसलेला मधला भाग, एकदम गार होतो आणि सीलमधून पाणी आत ओढून घेतो. ग्रीस दुधाळ होतं, पुढच्या फेरीत बेअरिंग ओरडायला लागतं. खाऱ्या पाण्यात तर गंज लगेच धरतो. म्हणून काठावर पोचल्यावर आधी अर्धा तास थांबायचं, दिव्यांची वायर काढायची, मगच उतरवायचं. पोरांना हे पटवायला वेळ लागला, कारण गिऱ्हाईक काठावर घाई करत असतं.

गेल्या हंगामात पुन्हा तापोळ्याला होडी दिली. महाबळेश्वरहून उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक अधूनमधून. दर वळणाच्या रुंद जागी धाकटा उतरून हबला हात लावून बघायचा. "कोमट हा," म्हणायचा आणि आम्ही पुढे निघायचो.