तुटकी तलवार चालेल?

डिसेंबर-जानेवारी म्हणजे आम्हा ड्रेपरीवाल्यांची सुगी. वडिलांनी सोलापुरात सुरू केलेलं दुकान आता मी चालवते. जिरेटोप, अंगरखे, परीचे पंख, दोन गदा आणि बिनधारेच्या अठरा तलवारी. त्यातल्या एकीचं टोक गेलेलं. शाहिस्तेखानाची बोटं छाटायच्या ऐवजी महाराज झालेल्या पोरानं ती स्टेजच्या खांबावर हाणली होती. चार बोटं टोक उडालं ते थेट पाहुण्यांच्या पायाशी. तेव्हापासून ती माळ्यावरच.

यंदा एका शाळेतल्या सरांचा फोन आला. मुलं इंग्लंडच्या राजाचा राज्याभिषेक करणार होती. "ताई, तीन तलवारी लागतील. त्यातली एक टोक नसलेली."

मला वाटलं, भाडं पाडायला काहीतरी काढलंय. मग सरांनी सांगितलं, तिकडं राजापुढं तीन नंग्या तलवारी धरून चालतात. दोन न्यायाच्या, टोकदार. तिसरी दयेची, तिचं टोक मुद्दाम कापलेलं. नाव कर्टाना.

आमच्याकडं शिवराज्याभिषेकाच्या देखाव्याला भाल्यावरचा सोनेरी तराजू जातो. १६७४ साली रायगडावर इंग्रज वकील ऑक्झिंडेननं सिंहासनाजवळ तो पाहून लिहून ठेवलाय, म्हणून वडील तो दिल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडत नसत. न्यायाला तराजू हे माझ्या अंगवळणी पडलेलं. दयेला तलवार कशाला, हे काही डोक्यात शिरेना. पण माल तयार होता. म्हटलं, "सर, तुमची तलवार माळ्यावर तुमचीच वाट बघत बसलीय."

बाकीची यादी जमवताना मजा आली. राजदंड म्हणून भालदाराची काठी दिली आणि तिच्या टोकाला जुन्या झुंबराचा लोलक बसवला. खऱ्या राजदंडात ५३० कॅरटचा कलिनन हिरा आहे म्हणे. लांबून कुणाला कळतंय! अभिषेकाच्या तेलाला चमचा हवा होता. १६४९ मध्ये राजाचं मुंडकं उडवल्यावर इंग्रजांनी मुकुट-बिकुट सगळं मोडून वितळवलं. १६६१ मध्ये नव्या राजासाठी पुन्हा घडवलं. पण बाराव्या शतकातला चमचा आणि त्या तीन तलवारी तेवढ्या वाचल्या. मी आमच्या देवघरातली पळी दिली. आईला अजून सांगितलेलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी पेटी उघडली. तीन तलवारी. तिन्ही टोकदार.

"बाबू, तुटकी कुठंय?"

"हीच की ताई! काल वेल्डिंगवाल्याकडून नवं टोक लावून घेतलं. बफिंगपण मारलंय. शाळेत मोडकी तलवार द्यायची म्हंजे बरं दिसतंय व्हय?"

अकरा वर्षांत बाबूनं स्वतःहून केलेली ही पहिली दुरुस्ती. ओरडावं तरी कसं? सर मात्र घड्याळाकडं बघायला लागले.

शेवटी मंडपवाल्याच्या पोराकडं ग्राइंडर निघाला. शाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ, बाबूनं तलवार दगडावर दाबून धरली. मान दुसरीकडं वळवलेली, डोळे गच्च मिटलेले. ठिणग्या उडाल्या, तशी पोरं टाळ्या पिटायला लागली. नवंकोरं टोक लालबुंद होऊन मातीत पडलं. कापलं तेही एकदम सरळ, पट्टीनं आखल्यासारखं. सरांनी मोबाइलवर खऱ्या कर्टानाचा फोटो काढून पुढं धरला. तिचंही पातं टोकाला तसंच चौकोनी कापलेलं! बाबू फोटोकडं नुसता बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे लंडनमध्ये वेल्डिंगवाला न्हाई का?"

नाटक चांगलं झालं. राजानं देवापुढं ठेवलेली रत्नजडित तलवार शंभर शिलिंग मोजून सोडवायचा प्रसंग सरांनी घेतला होता, त्याला खरी नाणी खुळखुळवली. कर्टाना एका किरकोळ मुलीच्या हातात होती. दोन्ही हातांनी, नाकासमोर, जराही न हलवता ती चालली. मी विंगेत उभी राहून कौतुकानं बघत होते. तेवढ्यात पहिल्या रांगेतून कुणाचे तरी वडील चांगले मोठ्यानं म्हणाले, "बघ की, ड्रेपरीवाल्यानं पोरीला मोडकी तलवार गळ्यात मारली."

रात्री सामान मोजताना बाबूनं वही काढली. "ताई, तलवारी सतरा लिहू का अठरा?"

"सतरा लिही. खाली वेगळ्या ओळीत, दयेची, एक."

"आणि भाडं?"

"वीस रुपये जास्त."