हळदीचं लेबल आणि स्किलशेअरचं एक वर्ष

आमच्या दुकानात लग्नपत्रिका करायला आलेला माणूस कागदाचे पैसे देतो, छपाईचे देतो, डिझाइनचे देत नाही. फ्लेक्सचंही तेच. भाव चौरस फुटावर, डिझाइन त्यात फुकट. गाव समुद्रपूर तालुक्यातलं, जिल्हा वर्धा. दुकान मूळचं झेरॉक्सचं. सोबत सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, पोरांचे स्कॉलरशिपचे अर्ज. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर मी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिका करायची. कोरल कोणी शिकवलं नव्हतं. एमएस-सीआयटी झालेलं होतं, बाकी हिंगणघाटला छपाईवाल्याकडे काम घेऊन गेलं की त्याच्या मागे उभं राहून पाहायचं, एवढंच शिक्षण. पुढे स्किलशेअर या ऑनलाइन वर्गांच्या साइटवर वर्षभर शिकले, त्याची ही गोष्ट.

नीट शिकायचं डोक्यात आलं ते बचत गटाच्या हळदीमुळे. गटातल्या बाया हळद दळून साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायच्या आणि आत झेरॉक्सची चिठ्ठी टाकायच्या. वर्ध्याच्या प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर रंगीत पाऊच होते. तिकडे गर्दी आणि इकडे बाया माशा हाकलत. अध्यक्ष काकू परत आल्या त्या थेट दुकानात. "तू पत्रिका बनवतं ना व? मंग आमच्या हळदीलेबी बनव ना एखादं चांगलं."

पत्रिकेत गणपती वर, कलश खाली, मधे मजकूर, हे डोळे मिटून होतं. लेबल तसं जमत नाही. यूट्यूबवर भरपूर पाहिलं. कोणतं बटण कुठे आहे ते तिथे फुकट कळतं. कोणती गोष्ट मोठी घ्यायची, कोणती लहान आणि का, हे क्रमाने सांगणारं फार कमी सापडलं. म्हणून पैसे भरून शिकायच्या जागा शोधायला लागले. युडेमीवर एकेक कोर्स सुटा विकत घ्यायचा. कोर्सेराचा बाज विद्यापीठाचा. २०१२ मध्ये स्टॅनफोर्डच्या दोन प्राध्यापकांनी सुरू केलेलं ते, आणि पैसे नसतील तर तिथे मदतीसाठी अर्जही करता येतो. केंद्र सरकारचं स्वयम् २०१७ पासून आहे. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी वेगळी. स्किलशेअर न्यूयॉर्कचं, २०१० मध्ये स्थापन झालेलं. सुरुवातीला ते प्रत्यक्ष भरणाऱ्या वर्गांसाठी होतं, आता सगळं व्हिडिओवर. एकदा वर्गणी भरली की चित्रकला, डिझाइन, फोटो, व्हिडिओ, धंद्याचा हिशोब, मार्केटिंग, काय पाहिजे ते पाहा.

घरात पहिला प्रश्न ह्यांचा. "सर्टिफिकेट नोकरीले चालते काय?" नाही चालत. स्किलशेअर ही मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था नाही, तिथल्या वर्गाने कुठल्या भरतीत एक गुण वाढत नाही. ज्याला कागद पाहिजे त्याने स्वयम् धरावं, हे मी आजही सांगते. मला लेबल पाहिजे होतं, म्हणून स्किलशेअर धरलं.

पैसे भरणं हा वेगळाच अध्याय. माझं रुपे कार्ड तिथे चाललं नाही. भाऊजींचं व्हिसाचं डेबिट कार्ड घेतलं, तेही नाकारलं. बँकेत विचारलं तर "परदेशी साइट दिसते, नका भरू" असा सल्ला मिळाला. भानगड साधी होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मार्च २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, गिऱ्हाइकाने स्वतः सुरू करायचे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या खाली ते बटण सापडलं. सुरू केलं, मर्यादा वर्गणीपुरती ठेवली, पैसे गेल्यावर पुन्हा बंद केलं. डॉलरमध्ये पैसे कापले गेले तर बँक वरून थोडं शुल्क आणि त्यावर जीएसटी लावते, तेही धरून चालावं. आणि जे ॲपमधून गुगल प्लेवर वर्गणी घेतात त्यांनी लक्षात ठेवा, बंदही तिथूनच करावी लागते. मोबाइलमधून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली, असं होत नाही.

मग शिकायची वेळ. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, दुकानाचं शटर अर्धं. तीच माझी शाळा. नेट मात्र दुपारी रडतं, म्हणून रात्री सगळे झोपले की ॲपमध्ये धडे उतरवून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी नेटशिवाय पाहायचे. इंग्रजी वाचता येतं, पण अमेरिकन माणसाचं बोलणं कानाला झेपत नव्हतं. वेग कमी केला, खाली इंग्रजी अक्षरं लावली, जमलं. धडे बहुतेक काही मिनिटांचेच असतात, त्यामुळे गिऱ्हाईक आलं तर उठता येतं.

वर्ग निवडायची माझी एक पद्धत झाली. तिथे शिक्षकांना मोबदला सभासदांनी त्यांचा वर्ग किती मिनिटं पाहिला यावर मिळतो, त्यामुळे वर्ग किती लांब आहे त्यावरून काही ठरवू नये. आधी शेवटचं काम बघायचं. प्रत्येक वर्गाला एक काम दिलेलं असतं आणि शिकणाऱ्यांनी केलेली कामं खाली लावलेली असतात. त्यात नवख्यांची कामं चांगली दिसली तर शिक्षकाला शिकवता येतं. सगळी एकसारखी, शिक्षकाच्याच कामाची नक्कल दिसली, तर पुढे चला.

ॲरन ड्रॅप्लिन नावाच्या ओरेगनमधल्या डिझायनरचा लोगोवरचा वर्ग असाच सापडला. दाढीवाला, मोठ्या आवाजाचा, मजेशीर माणूस. त्याने दिलेलं काम होतं, आपल्या घराण्याचं चिन्ह बनवा. आमच्या घराण्याला कसलं आलं चिन्ह! सासरे म्हणाले, "कर्जाचा आकडा टाक." मी घराण्याऐवजी गट धरला. आधी वहीत पेन्सिलने काढायचं, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, ही सवय तिथून लागली. पत्रिकांच्या कामात मी आयुष्यात कधी पेन्सिल धरली नव्हती.

चिन्हात हळदीचं पान घेतलं. वर्गाच्या खाली काम लावलं तर कुठल्याशा देशातल्या बाईने विचारलं, हे केळ्याचे वेफर्स आहेत का? राग आला आणि मग पान पुन्हा पाहिलं. हळदीचं पान केळीसारखंच दिसतं, शेतात दिसतं तसंच मी काढलं होतं. इथल्या माणसालाही पाऊचवर ते लांबून केळच वाटलं असतं. पान काढून टाकलं आणि आडवं कापलेलं हळकुंड घेतलं, आतली कड गडद ठेवून. काकूंना दाखवलं तर लगेच म्हणाल्या, "हां, हे हळद हाय."

खरी कसरत पुढे होती आणि ती कोणत्याही वर्गात नव्हती. तिकडचे शिक्षक सांगतात, नाव मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत घ्या, अक्षरांमध्ये हवा सोडा, भारदस्त दिसतं. इंग्रजीत दिसतं. देवनागरीत अक्षरं एकमेकांपासून लांब केली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. आपल्याकडे मोठी लिपी-छोटी लिपी असा भेदही नाही, त्यामुळे महत्त्व दाखवायचं ते जाडीने, आकाराने नाहीतर रंगाने. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, म्हणून दोन ओळींत अंतर त्यांच्यापेक्षा जास्त सोडावं लागतं. हे सगळं मला त्यांचे नियम लावून, बिघडलेलं पाहून, मग सुधारून कळलं.

त्यात सॉफ्टवेअरची वेगळी गंमत. भाऊजींच्या लॅपटॉपवर फोटोशॉप होतं. त्यात 'महिला बचत गट' लिहिलं तर वेलांटी 'ह'ला सोडून 'ल'च्या डोक्यावर जाऊन बसली, आणि 'शुद्ध'मधला 'द्ध' फुटला. फोटोशॉपच्या त्या जुन्या आवृत्तीत उपाय प्रेफरन्सेसमध्ये होता. टाइप या भागात मजकुराचं इंजिन भारतीय लिप्या चालतील असं निवडायचं आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडायचं. ही एक गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर माझी एक अख्खी रात्र वाचली असती. पत्रिकांचा जुना मजकूर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटांत होता, तो नव्या फाँटमध्ये आणला की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. तो सगळा सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये नव्याने टाइप केला. फाँट 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे, मुक्ता आणि बलू, वापरले. गुगल फाँट्सवर फुकट मिळतात आणि धंद्याला वापरायला परवानगी आहे. लेबल इंकस्केपमध्ये केलं, तेही फुकट आणि त्यात देवनागरी सरळ उमटते.

पॅकेजिंगच्या वर्गात शिक्षिकेचं लेबल म्हणजे मधोमध एक नाव आणि चारी बाजूंनी मोकळी जागा. मला हेवा वाटला. आपल्या १०० ग्रॅमच्या पाऊचवर काय काय बसवायचं असतं ते तिला कुठे माहीत! पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसहित किंमत, पत्ता, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा) १४ आकडी नंबर, आणि शाकाहाराचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. आणखी एक गोष्ट आमच्या भागात फार कमी जणांना माहीत आहे. ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत पाहिजे. मराठी जोडीला चालते, नुसती मराठी चालत नाही. म्हणून समोर नाव मराठीत ठसठशीत घेतलं आणि मागे सगळं इंग्रजीत बारीक, पण वाचता येईल असं. मोकळी जागा फक्त समोर सोडली.

गटाला लेबलवर 'वायगाव हळद' पाहिजे होतं. वायगावही आमच्याच तालुक्यातलं, लोक त्याला हळद्या वायगाव म्हणतात, आणि तिथल्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव वापरायचं तर कायद्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. बाया ऐकेनात. "अवं, शेत तं बाजूलेच हाय." शेवटी काकूंनीच मिटवलं. गावाचं नाव पत्त्यात राहील, समोर फक्त गटाचं नाव आणि हळद. नोंदणी झाली की बदलू.

छपाईवाला म्हणाला, "कर्व्ह करून पाठव." म्हणजे अक्षरांचं चित्र करून द्यायचं, त्याच्याकडे फाँट नसला तरी फुटत नाही. पडद्यावरचा चमकता केशरी कागदावर मेलेला निघाला, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि छपाई शाईने. त्याच्याकडे बसून पिवळा पूर्ण ठेवला, गुलाबी थोडा थोडा वाढवत नेला, आणि हळदीच्या जवळचा रंग आला. या कामात तो वर्गातल्या कोणत्याही शिक्षकापेक्षा सरस निघाला, हे कबूल केलंच पाहिजे. त्याला मी 'गुरुजी' म्हणायला लागले तर लाजतो.

आता धंद्याचे वर्ग. फ्रीलान्स काम कसं मिळवायचं, दर कसा सांगायचा, याचे तिथे ढीग आहेत. तासावर पैसे मागू नका, कामाच्या किमतीवर मागा, लेखी करार करा, असं सगळे सांगतात. पत्रिकेच्या गिऱ्हाइकाला करार दाखवला तर तो पुढच्या दुकानात जाईल. एका काकांना डिझाइनचे वेगळे पैसे सांगितले तर म्हणाले, "काहून व, कम्प्युटरच तं बनवते, तुले काय करा लागते?" त्या वर्गांतलं बरंचसं इथे बिनकामाचं आहे, असं माझं मत झालं.

दोन गोष्टी मात्र उचलल्या. अर्धे पैसे आधी, आणि दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यांदा वेगळे पैसे. दोन्ही मराठीत छापून काउंटरच्या काचेखाली लावल्या. पत्रिकेवाल्यांनी कुरकुर केली, पण घरातल्या सगळ्यांची नावं एकदाच नीट लिहून आणायला लागले. आधी मामाच्या आत्याचं नाव राहिलं म्हणून रात्री फोन यायचे. लेबलचा दर मी पत्रिकेपासून वेगळाच ठेवला. पाऊच विकणाऱ्या माणसाला लेबलची किंमत समजते, कारण त्याचा माल त्यावर विकला जातो. काकूंनी घासाघीस केली, पण दिले. आता शेजारच्या गावातून मिरची पावडरवाला गट आला आहे आणि एक सरकीच्या तेलाचा घाणेवाला.

वर्षाची वर्गणी संपत आली तेव्हा बँकेचा मेसेज आला. आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी बँकेने २४ तास आधी कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी साइटवर जाऊन नूतनीकरण थांबवलं. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा हंगाम, त्यात बघायला सवड नसते, आणि वर्गणी काही माझ्यासाठी थांबत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा घेईन. मोबाइलवर मालाचे फोटो कसे काढायचे त्याचे वर्ग हेरून ठेवले आहेत. काचेच्या बरणीतलं तेल फोटोत नेहमी काळं येतं, घाणेवाल्याला ते आधी सुधारून पाहिजे आहे.